मॉलिक्युलर मॉडेल किट घ्यावं का? घ्या, पण पेटी उघडायच्या आधी शेप कागदावर काढा

घरीच अकरावी-बारावीच्या ट्यूशन घेते मी. केमिकल बाँडिंग सुरू झालं की दरवर्षी तेच, पोरांना टेबल तोंडपाठ असतं, मिथेन टेट्राहेड्रल (म्हणजे मध्ये एक अणू आणि चार कोपऱ्यांकडे चार बाँड), अमोनिया पिरॅमिडल, पाणी बेंट, आणि टेबलाबाहेरचं एखादं विचारलं की सगळे वर पंख्याकडे बघायला लागतात. म्हणून यावेळी ऑनलाइन मॉडेल किट मागवलं, तेच ते प्लास्टिकचे रंगीत गोळे आणि काड्या, चारशेच्या आत पडलं. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाहीये.

आधी चांगलं काय ते सांगते. पॅकिंग ठीक होतं, प्लास्टिकची पेटी कप्प्याकप्प्यांची आहे त्यामुळे आवरायला सोपं, गोळ्यांना धार वगैरे नाही. रंग नेहमीचेच, कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, क्लोरीन हिरवा, म्हणजे पोरांना सिम्युलेशनमध्ये किंवा पुस्तकातल्या चित्रात जे दिसतं तेच हातात येतं. सिंगल बाँडच्या आखूड ताठ काड्या आणि डबल-ट्रिपलसाठी लांब वाकणाऱ्या काड्या वेगळ्या दिल्यात. मिथेन बनवलं आणि टेबलावर ठेवलं की तीन हायड्रोजनवर उभं राहतं आणि चौथा वर, कसंही फिरवून ठेवा तसंच दिसतं. हे फळ्यावर मी कितीही वेळा काढलं तरी पोरांच्या डोक्यात तो अधिकच्या चिन्हासारखा चपटाच राहतो, अँगल ९० असंच वाटत राहतं. हातात घेतल्यावर १०९.५ म्हणजे काय ते दोन मिनिटांत कळलं सगळ्यांना. एवढ्या एका गोष्टीसाठी पैसे वसूल म्हणायला माझी हरकत नाही.

आता खरी तक्रार, आणि ती या एका किटची नाही, या प्रकाराचीच आहे. पाण्याचा रेणू बनवायला सांगितला. लाल गोळ्याला दोनच भोकं, ती आधीच तिरकी पाडलेली, पोरांनी दोन पांढरे गोळे खोचले आणि झालं पाणी, बेंट शेप, सगळे खूश. मी विचारलं सरळ का नाही झालं हे, तर मागच्या बाकावरचा म्हणतो, "मॅडम, भोकंच तशी पाडलीत ना." बरोबरच आहे त्याचं! उत्तर कारखान्यातच देऊन ठेवलंय, पोरांनी फक्त खोचायचं. शेप काढणं म्हणजे जे काही डोकं लावायचं असतं ते सगळं भोक पाडणाऱ्याने करून टाकलेलं असतं.

आणि भोक पाडणाऱ्याला जेवढं माहीत तेवढंच मॉडेल सांगणार, हे तर पहिल्यापासूनच आहे. हॉफमन नावाच्या जर्मन केमिस्टने १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये क्रोके खेळायच्या चेंडूंना काड्या खोचून रेणू दाखवले होते, आजचे काळा-पांढरा-लाल-निळा-हिरवा हे रंग पण तिथूनच आलेत. पण त्याचं मिथेन चपटं होतं, चारही हायड्रोजन एकाच पातळीत. कार्बनचे चार बाँड चार कोपऱ्यांकडे जातात हे व्हँट हॉफ आणि ल बेल या दोघांनी वेगवेगळं मांडलं ते १८७४ मध्ये, व्हँट हॉफ तेव्हा २२ वर्षांचा पोरगा होता. म्हणजे नऊ वर्षांनी चेंडूंची भोकं बदलायची वेळ आली.

म्हणून मी आता नियम केलाय, कागदावर शेप निघाल्याशिवाय पेटी उघडायची नाही. पद्धत साधीच आहे, गिलेस्पी आणि नायहोम यांनी १९५७ मध्ये नीट मांडली तीच व्हीएसईपीआर, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जोड्या एकमेकींना ढकलतात यावरून शेप काढायची रीत. मधल्या अणूची बाहेरची इलेक्ट्रॉन मोजा, बाँडमध्ये किती गेली ती वजा करा, उरलेल्यांच्या जोड्या लावा, त्या लोन पेअर. मग बाँडच्या दिशा आणि लोन पेअर मिळून एकूण किती ते बघा आणि एकमेकांपासून जास्तीत जास्त लांब बसवा. ऑक्सिजनची सहा, दोन बाँडमध्ये गेली, चार उरली, म्हणजे दोन लोन पेअर, एकूण चार, चारसाठी टेट्राहेड्रल, त्यातले दोन कोपरे लोन पेअरनी अडवलेले म्हणून उरलेले दोन हायड्रोजन वाकडे दिसतात. कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बनकडे काही उरतच नाही, डबल बाँड दोन आहेत पण दिशा दोनच धरायच्या, म्हणून सरळ रेषा, १८०. दोन्ही तीन-तीन अणूंचेच रेणू, पण एक सरळ असल्यामुळे त्याचा डायपोल (एक टोक थोडं प्लस, दुसरं थोडं मायनस असणं) शून्य आणि पाणी वाकडं असल्यामुळे त्याचा १.८५ डिबाय, डिबाय हे डायपोल मोजायचं एकक. पाण्यात मीठ का विरघळतं इथपर्यंत गोष्ट जाते मग.

किटमध्ये लोन पेअर दाखवायला काहीच नाही ही सगळ्यात मोठी उणीव. सोबत आलेल्या पत्रकात रंगीत चित्रं भरपूर, लोन पेअर हा शब्दच नाही. यावर जुगाड असा की लाल गोळा बाजूला ठेवायचा आणि पाणी सुद्धा चार भोकांच्या गोळ्याने बनवायचं, दोन भोकात हायड्रोजन आणि दोन रिकामी, रिकाम्या भोकात इअरबडचा कापूसवाला तुकडा खोचायचा. कापूस पसरट असतो, तो जास्त जागा खातो, लोन पेअर पण तसंच करते, तिला एकाच न्यूक्लियसने धरलेलं असतं म्हणून ती फुगून बसते आणि शेजारच्या बाँडना ढकलते. म्हणून मिथेन १०९.५, एक लोन पेअर आली की अमोनिया १०७, दोन आल्या की पाणी १०४.५. आता हे ढकलणं किट दाखवत नाही हं, प्लास्टिकला काय ढकलणार, अमोनिया पण त्यात १०९.५ लाच राहतं. ते तोंडीच सांगावं लागतं. आणि थिअरी पण अँगल कमी होणार एवढंच सांगते, किती ते नाही, हायड्रोजन सल्फाइड पाण्याचाच भाऊबंद पण त्याचा अँगल ९२ च्या आसपास आहे, ते ना किटमधून निघतं ना मोजणीतून.

डबल बाँडच्या वाकणाऱ्या काड्यांबद्दल मत संमिश्र. कार्बन डायऑक्साइड बनवा, काळ्या गोळ्याची चारही भोकं टेट्राहेड्रल असूनही रेणू झकास सरळ येतो, पोरं खरंच चकित होतात (चार कोपऱ्यांच्या दोन-दोनच्या जोड्या केल्या की त्या बरोबर समोरासमोर येतात, विचार करून बघा). पण इथीन बनवलं की गडबड, त्याच गोळ्यामुळे हायड्रोजनमधला अँगल १०९.५ च राहतो, खरा ११७ च्या आसपास असतो. चपटं दिसतं तेवढं बरोबर दिसतं, पण कोणी कोनमापक लावून १२० शोधायला गेलं तर सापडायचं नाही.

आणि पुढचं तर विसराच. हे किट ऑरगॅनिकसाठीच बनवलंय, त्यामुळे पाच आणि सहा भोकांचा गोळाच नाही. फॉस्फरस पेंटाक्लोराइड, सल्फर हेक्झाफ्लोराइड, नीट आणि सीईटीला हमखास विचारतात ते क्लोरीन ट्रायफ्लोराइड, झेनॉन टेट्राफ्लोराइड, यातलं एकही बनत नाही. तिथे मी फुगे आणते, सारख्या मापाचे फुगवून गाठी एकत्र बांधायच्या, चार असले की आपोआप टेट्राहेड्रल, पाच असले की तीन कमरेला आणि एक वर एक खाली, सहा असले की ऑक्टाहेड्रल, म्हणजे चार कमरेला आणि एक वर एक खाली. कुठलंही भोक पाडलेलं नसताना फुगे एकमेकांना ढकलून स्वतःच जागा शोधतात, म्हणजे व्हीएसईपीआर खरं तर दहा-वीस रुपयांतच दिसते. मग दोन फुग्यांवर मार्करने लोन पेअर लिहायचं. पाचमध्ये त्या कमरेच्या जागा घेतात, तिथे ९० अंशावर शेजारी कमी, म्हणून क्लोरीन ट्रायफ्लोराइड टी शेप, तेही किंचित मुडपलेलं, ८७.५. सहामध्ये समोरासमोर बसतात म्हणून झेनॉन टेट्राफ्लोराइड चौकोनी चपटं.

मोबाइलवर फुकट हवं असेल तर कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट (PhET) या सिम्युलेशनच्या साइटवरचं रेणूंच्या आकाराचं सिम्युलेशन वापरा. त्यात लोन पेअर घालता येतात, अँगल आकड्यात दिसतात, आणि खऱ्या रेणूची आणि थिअरीच्या मॉडेलची तुलना पण करता येते, जे या किटला जन्मात जमणार नाही. पण स्क्रीनवर बोटाने फिरवणं आणि हातात धरणं यात फरक आहेच, विशेषतः ज्या पोरांना थ्रीडी दिसतच नाही त्यांना.

टिकाऊपणा बेताचा. आखूड काड्या फार घट्ट, काढायला दिलेला प्लास्टिकचा चिमटा लगेच वाकला, उलट पांढऱ्या गोळ्यांची भोकं महिन्याभरात सैल झाली. पांढरे गोळे हरवतात पण सगळ्यात आधी, कपाटाखाली जातात.

माझ्याकडून साडेतीन स्टार. बारावीच्या ऑरगॅनिकसाठी, आयसोमर (तेच अणू, पण जोडणी किंवा मांडणी वेगळी) वगैरे दाखवायला, चार सुद्धा देईन. नुसतं बाँडिंगच्या चॅप्टरसाठी घेत असाल तर थोडे पैसे जास्त घालून इनऑरगॅनिकचे गोळे असलेलं मोठं किट घ्या, काहींमध्ये लोन पेअरच्या पाकळ्या पण येतात. मागवताना फोटोवर जाऊ नका, लिस्टिंगमध्ये पाच आणि सहा भोकांचे गोळे किती ते लिहिलंय का बघा, नसेल तर सेलरला विचारूनच ऑर्डर टाका.