‘यांग’ लावायचा की नाही?

इंडोनेशियन भाषेत नाम आधी, विशेषण मागून. ‘गुरू बारू इतू’ म्हणजे ‘तो नवा शिक्षक’. मराठी शब्दक्रम नेमका उलटा. (गुरू हा शब्द तिथेही संस्कृतातूनच गेलेला.) एवढं सोपं. घोळ होतो तो नाम आणि विशेषण यांच्या मध्ये कधी येणाऱ्या, कधी न येणाऱ्या ‘यांग’ या शब्दामुळे.

‘गुरू बारू’ म्हणजे नुसता नवा शिक्षक. ‘गुरू यांग बारू’ म्हटलं की बोट दाखवल्यासारखं होतं: जुना नव्हे, नवा तो. आपण मराठीत ‘नवा’वर जोर देऊन भागवतो, तिथे त्यासाठी वेगळा शब्दच आहे.

पण काही जोड्यांत ‘यांग’ अर्थच फिरवतो. ‘ओरांग’ म्हणजे माणूस, ‘तुआ’ म्हणजे म्हातारा. ‘ओरांग तुआ’ मात्र बहुतेक वेळा आईवडील! म्हातारा माणूसच म्हणायचा असेल, तर ‘ओरांग यांग तुआ’ निःसंदिग्ध. ‘रुमाह साकित’, शब्दशः आजारी घर, म्हणजे दवाखाना. तिथे ‘यांग’ घुसवला तर घरालाच ताप भरतो.

नामानंतर ‘माझं’ आलं, की मला ‘यांग’ बरा वाटतो. ‘बुकू साया यांग बारू’, म्हणजे माझ्या पुस्तकांपैकी नवं ते. ‘बुकू बारू साया’ही चालतं, पण त्यात निवड नाही, फक्त ‘माझं नवं पुस्तक’. आणि ‘यांग बारू’ एकटंही उभं राहतं: ‘नवं ते’. बाजारात फार उपयोगी.