हॅमस्ट्रिंग तुटलीय, ऑपरेशन करायचं का फिजिओवर भागेल?

हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीमागचे तीन स्नायू. पोरगं स्प्रिंट मारताना मांडी धरून खाली बसलं की घरात दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते लगेच ऑपरेशन, दुसरी म्हणते शीर चढलीय, मालिशवाल्याकडे न्या. मालिश तर नकोच, आणि ऑपरेशनचं एमआरआय झाल्याशिवाय बोलू नका, कारण दुखतंय किती यावर काही ठरत नाही, तुटलंय कुठे आणि सरकलंय किती यावर ठरतं.

मांडीच्या मधोमध स्नायूत फाटलं असेल (बहुतेकांचं हेच असतं) तर सर्जनचं सहसा काम नाही, थोडा आराम, मग फिजिओ. खरा घोळ वरच्या टोकाचा, म्हणजे आपण ज्या हाडावर बसतो तिथून टेंडन (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) उपटला असेल तर. पोरगं एका कुल्ल्यावर कलून बसतं आणि दोन-तीन दिवसांत काळानिळा डाग पार गुडघ्यामागे उतरतो.

तिथे तिन्ही स्नायूंचे टेंडन चिकटलेले असतात. एकच सुटला आणि फारसा सरकला नाही तर फिजिओ. तिन्ही सुटले, किंवा दोन सुटून 2 सेंटीमीटरपेक्षा जास्त खाली गेले आणि पोराला परत जोरात पळायचंय, तर बरेच सर्जन ऑपरेशनच सांगतात, हाडात अँकर (धागा लावलेला छोटा खिळा) बसवून टेंडन परत शिवतात. पहिल्या तीन-चार आठवड्यांत हे त्यातल्या त्यात सोपं, नंतर टेंडन आखडतो, सायाटिक नर्व्हला, म्हणजे मांडीमागून पायात जाणाऱ्या मोठ्या नसेला, चिकटतो. मालिशीत महिना घालवू नका म्हणतोय ते यासाठी.

शाळकरी वयात वेगळंच होतं. ग्रोथ प्लेट, म्हणजे हाड जिथून वाढतं तो भाग, कच्ची, त्यामुळे टेंडन शाबूत राहतो आणि हाडाचा तुकडाच निघतो, साध्या एक्सरेतही दिसतो. जागेवरच असेल तर कुबड्या आणि आराम, दीड-दोन सेंटीमीटर सरकला असेल तर स्क्रूचा विचार.

ऑपरेशन केलं तर साधारण सहा आठवडे कुबड्या, कंबरेत वाकणं बंद म्हणजे भारतीय संडासही बंद, आणि खेळ सहा ते नऊ महिन्यांनी. इंग्लंडचा क्रिकेटर बेन स्टोक्स, त्याचं हॅमस्ट्रिंगचं जानेवारी 2025 ला ऑपरेशन झालं आणि मेमध्ये तो टेस्ट खेळला, पण त्याच्या दिमतीला फिजिओंची अख्खी फौज, ते कॅलेंडर आपल्या पोराला लावू नका. शिवाय जखम नको त्या जागी, इन्फेक्शनची धास्ती, मांडीमागे बधिरपणा राहू शकतो. नाही केलं तर चालणं, जिने सहसा जमतात, पण टॉप स्पीडला ताकद कमी पडू शकते, बाकावर जास्त वेळ बसलं की टोचतं.

2024 मध्ये स्वीडन-नॉर्वेचा एक अभ्यास आला, दोन वर्षांनी विनाऑपरेशनवाले ऑपरेशनवाल्यांपेक्षा मागे नव्हते. कुणी तो फॉरवर्ड केला तर वय बघा, त्यातली माणसं 30 ते 70 ची होती, सतरा वर्षांचा स्प्रिंटर त्यात नव्हता. सर्जनला मात्र बिनधास्त विचारा, गुडघ्याची नाही, ही अशी वरच्या टोकाची ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता.