घरी येऊन होल्टर लावणारी सर्विस (पुणे): मशीन चांगलं, बाकी ठीकठाक

बाबांना हार्ट फेल्युअर आहे, इको मध्ये ईएफ (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते) 28 टक्के, ॲन्जिओग्राफीत ब्लॉकेज नाही. डॉक्टरांनी 24 तासांचा होल्टर सांगितला, म्हणजे अंगावर लावून सतत ईसीजी रेकॉर्ड करणारी डबी, ठोके कुठे धोकादायक पद्धतीने बिघडतात का ते बघायला. नाव लिहीत नाही, कारण तक्रार पण आहे.

मुलगा वेळेवर आला, छातीवरचे केस नीट काढून स्टिकर लावले, वायरी टेपने चिकटवल्या, रात्री कूस बदलताना एकही निघाली नाही, हे खरंच मानलं. डबी छोटी, कमरेला अडकवायची, आंघोळ तेवढी बंद. पण डायरीचा फॉर्मच नव्हता! धडधडलं, चक्कर आली, जिना चढलो, हे वेळेसकट लिहायचं असतं ना, नाहीतर रिपोर्टमधली गडबड आणि पेशंटला झालेला त्रास जुळवणार कसा? मी विचारलं तर म्हणतो, पावतीच्या मागे लिहा काका. बाबांनी लिहिलं बिचाऱ्यांनी, "4.10 दूध आणलं, दम लागला, धडधड".

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर, पानंच्या पानं ग्राफ आणि शेवटी दोन ओळी: व्हीपीसी (हृदयाच्या खालच्या कप्प्यातून मध्येच येणारे जादा ठोके) बरेच, एनएसव्हीटी एकदा, 5 ठोके. आई घाबरून देवासमोर बसली. फोन केला तर "डॉक्टरांना दाखवा" आणि ठेवून दिला. अरे, निदान एवढं तरी सांगा की खालच्या कप्प्यातून सलग 3 किंवा जास्त फास्ट ठोके आले आणि 30 सेकंदांच्या आत आपोआप थांबले तर त्याला एनएसव्हीटी म्हणतात!

आमच्या डॉक्टरांनी मात्र तो कागद बघून लगेच आयसीडी (धोकादायक ठोके ओळखून आतूनच शॉक देणारं, शरीरात बसवायचं मशीन) बसवा असं केलं नाही. आधी पोटॅशियम-मॅग्नेशियम करायला लावलं, कारण लघवीच्या गोळ्यांनी ते उतरतं आणि त्यानेच ठोके बिघडतात. बाबा कधी बेशुद्ध पडलेत का, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का, हे खोदून खोदून विचारलं. म्हणाले गोळ्या पूर्ण डोसला नेऊन किमान 3 महिने द्यायच्या, परत इको, तेव्हाही ईएफ 35 किंवा खाली असेल तर आयसीडीचं बोलू, हृदयाच्या स्नायूत व्रण आहे का ते बघायला एमआरआय पण लागेल. 2016 च्या डेन्मार्कच्या अभ्यासाचं पण सांगितलं, ब्लॉकेज नसलेल्या पेशंटमध्ये आयसीडीने अचानक मृत्यू निम्म्यावर आले पण एकूण मृत्यूंत तेवढा फरक पडला नाही, आणि फायदा त्यातल्या त्यात कमी वयाच्यांना जास्त दिसला. बाबा 71 चे, त्यामुळे घाई नको म्हणाले.

आणि हो, पावतीमागचं ते 4.10 डॉक्टरांनी ग्राफवर शोधून काढलं, तेव्हा ठोके नुसते फास्ट होते, बाकी सरळ. एनएसव्हीटी झोपेत, बाबांना पत्ताच नाही.

लावायचं काम 5 स्टार, रिपोर्टनंतरची सर्विस 2. बोलवायचं तर बोलवा, वही आपली ठेवा.