दोन वर्षं जीएनएम शिकले, आणि माझी नोंद कुठेच नव्हती

आधी आकडा सांगते. जीएनएम, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या नावाखाली आमच्याकडून घेतलेले २,३७,५०० रुपये. बुकिंगचे २५,०००, पहिल्या वर्षाची फी ८५,०००, होस्टेल आणि मेस ४२,०००, युनिफॉर्म आणि किट ७,५००, 'कौन्सिल रजिस्ट्रेशन' १५,००० आणि दुसऱ्या वर्षाचे ६३,०००. यातले १,२०,००० बाबांनी आईचे दागिने पतसंस्थेत तारण ठेवून काढले, १४ टक्क्यांनी. व्याज अजून चालू आहे.

त्या १५,००० वर जरा थांबा. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी कोर्स पुरा करून शेवटची परीक्षा पास झाल्यावर होते. पहिल्याच महिन्यात त्याचे पैसे मागणारा माणूस चोर आहे, एवढं एक वाक्य मला ऑगस्ट २०२२ मध्ये कुणी सांगितलं असतं तर मी हे लिहीत बसले नसते.

एजंट, मॅनेजमेंट कोटा, शेवटच्या दोन जागा, आजच बुकिंग करा. ही टेप सगळ्यांनी ऐकलेली आहे, मी पुन्हा वाजवत नाही. आमचे एजंट 'सर' मामांच्या ओळखीतले होते, घरी येऊन दोनदा चहा पिऊन गेले होते. बारावी सायन्सला मला ५४ टक्के. जीएनएमला तेव्हा ४० पुरत होते, म्हणजे मला एजंटची गरजच नव्हती. पण "सरकारी यादीत तुझा नंबर लागणार नाही, वर्ष वाया जाईल" असं त्यांनी सांगितलं आणि आम्ही घाबरलो. एक वर्ष वाचवायला निघाले आणि दोन घालवली.

लोक म्हणतात, बघून यायचं ना. बघून आलो होतो! मी, बाबा आणि मामा. इमारत होती, सांगाडा होता, इंजेक्शन शिकायची डमी होती, कपाटात पुस्तकं होती. ऑफिसच्या भिंतीवर सात फ्रेम होत्या, मी मोजल्या. आयएसओ प्रमाणपत्र, ट्रस्टची नोंदणी, उद्यम नोंदणी, सगळं 'भारत सरकार' लिहिलेलं. नर्सिंग कौन्सिलचं किंवा परीक्षा मंडळाचं नाव त्या सातांपैकी एकीवरही नव्हतं, हे बघायचं तेवढं राहिलं. उद्यम नोंदणी पिठाच्या गिरणीलाही मिळते. तिचा आणि नर्सिंगचा काडीचा संबंध नाही.

पण ते सगळं मी स्वतःला माफ करते. एक गोष्ट करत नाही.

नोव्हेंबर २०२२. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला सेतूवाल्याकडे गेले. त्या मुलाने जिल्हा निवडला, तालुका निवडला, संस्थांची यादी उघडली. वर गेला, खाली आला, पुन्हा वर. मग म्हणाला, "ताई, तुमचं कॉलेज यादीत नाहीये." मी काय म्हणाले? "तुमची यादी जुनी असेल. नीट बघा." माझ्या मागे रांग होती, मला लाज वाटली, आणि ती लाज मी त्याच्यावर काढली. तो बिचारा म्हणाला, "यादी सरकारची आहे, माझी नाही." मी फॉर्मचे पैसेही न देता निघून आले.

संचालक सरांना विचारलं तर ते हसले. "नवीन कॉलेजचं नाव पहिल्या वर्षी येत नाही. पुढच्या वर्षी दोन्ही वर्षांचं एकदम मिळेल." मला पटलं. पटलं एवढंच नाही, आमच्या ३४ जणींच्या बॅचला ते मीच समजावलं. दोघी-तिघी घरी सांगायला निघाल्या होत्या, त्यांना मी थांबवलं. तेव्हा थांबलो असतो तर निदान ६३,००० वाचले असते. माझे आणि त्यांचेही. आज त्यातली एक माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

शिष्यवृत्ती नको असली तरी तो फॉर्म उघडून बघा. कॉलेजचं नाव नसेल तर 'का' ते कॉलेजला विचारू नका.

शिकवलं काहीच नाही असं मात्र नाही, आणि हेच जास्त लागतं. एक मॅडम होत्या, त्या मनापासून शिकवायच्या. बेड मेकिंग, टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), बीपी, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात घालायची नळी), कॅथेटर, सगळं येतं मला. नियमाप्रमाणे एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण हवेत. आमचं क्लिनिकल पोस्टिंग १५ खाटांच्या एका खासगी दवाखान्यात, त्यामुळे दिवसा एकेका पेशंटभोवती आम्ही घोळका करून उभ्या. रात्री मात्र दोघींवर अख्खा वॉर्ड. त्याला 'नाइट पोस्टिंग' म्हणायचे. पगारी नर्स ठेवायला नको म्हणून आम्हाला जुंपत होते, हे कळायला मला दीड वर्ष लागलं. तिथल्या पेशंटनाही आम्ही कोण आहोत ते माहीत नव्हतं. आम्हालाच माहीत नव्हतं.

१२ मे २०२३ ला, परिचारिका दिनाला, लॅम्प लायटिंग झालं. पांढरा युनिफॉर्म, हातात दिवा, शपथ. आई रडली. फोटोग्राफर संस्थेनेच आणला होता.

पहिल्या वर्षाची 'परीक्षा' त्याच इमारतीत झाली, पर्यवेक्षक आमचेच सर, प्रश्नपत्रिका झेरॉक्स. फेब्रुवारी २०२४ मध्ये आतेबहिणीच्या मैत्रिणीचं हॉलतिकीट बघितलं. ती खरी जीएनएम. तिच्या हॉलतिकिटावर राज्य मंडळाचं नाव, एनरोलमेंट नंबर, दुसरीकडचं परीक्षा केंद्र. माझ्या हॉलतिकिटावर संस्थेचा गोल शिक्का. घरी येऊन पावत्या काढल्या. सहाही पावत्या ट्रस्टच्या नावाच्या, 'प्रशिक्षण शुल्क' असं लिहिलेल्या. 'जीएनएम' हा शब्द एकीवरही नाही. संस्थेत विचारल्यावर उत्तर काय मिळालं? "आम्ही कुठे जीएनएम म्हणालो? नर्सिंग असिस्टंट कोर्स आहे हा."

फी भरलीत की पावतीवर कोर्सचं पूर्ण नाव लिहून घ्या. लिहायला का-कू केली तर तिथूनच परत फिरा.

आता सरकारी दारं. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी तीन तास बसवलं आणि सांगितलं, ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. दुसऱ्या खेपेला एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून हातात दिली. तिसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्ताला गेले होते. चौथ्यांदा जुलै उजाडला होता, तर म्हणे कायदा बदलला, आता कलम कोणतं लावायचं ते बघावं लागेल. वकिलाने सांगितलं की फसवणूक २०२२ ची आहे, म्हणजे जुनं ४२०च लागतं, नवं ३१८ नाही. हे मी ठाण्यात सांगितल्यावर हवालदार म्हणाले, "मग तुम्हीच लिहा एफआयआर." मुंबईला एका कार्यालयात गेलो तर "ती संस्था आमच्याकडे नाही, त्यामुळे आमचा संबंध येत नाही". अहो, ती तुमच्याकडे नाही हीच तर तक्रार आहे! मान्यता असलेल्या कॉलेजने चूक केली तर नोटीस, आणि ज्याला मान्यताच नाही त्याला कुणीच विचारायचं नाही? दुसऱ्या कार्यालयाने पहिल्याकडे पाठवलं. लोकशाही दिनात अर्ज दिला, तो 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' पोलीस ठाण्याकडेच गेला. ऑनलाइन तक्रारीवर 'निकाली' असं आलं. कुणी निकाली काढली, काय करून काढली, काही नाही. बाबांचे या फेऱ्यांत २१ दिवसांचे खाडे झाले, तेही मी आकड्यात धरलेले नाहीत.

कामी आला फक्त माहिती अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, साध्या कागदावर अर्ज, ३० दिवसांची मुदत. उत्तर आलं एका ओळीचं: सदर संस्थेस मान्यता नाही. प्रवेशाआधी हा अर्ज तुम्हीही करू शकता. तेवढा वेळ नसेल तर मंडळाच्या आणि कौन्सिलच्या यादीत त्या वर्षाचं, त्याच कोर्सचं नाव स्वतः शोधा. एएनएमची (जीएनएमच्या खालच्या नर्सिंग कोर्सची) मान्यता दाखवून जीएनएमचे पैसे घेणारेही आहेत.

मूळ कागद कुणाला देऊ नका. माझी बारावीची मार्कशीट आणि टीसी अजून त्यांच्याकडे आहे, सोडायचे ३०,००० मागतात. दिले नाहीत. दुय्यम प्रतीसाठी अर्ज केलाय.

परवा तालुक्याला गेले होते. एसटी स्टँडसमोर नवीन फ्लेक्स लागलाय. 'प्रवेश सुरू, मोजक्याच जागा शिल्लक.' संस्थेचं नाव बदललंय, फोन नंबर तोच आहे. खाली लॅम्प लायटिंगचा फोटो. डावीकडून तिसरी मी आहे.