बर्मा युद्धातला लायटर म्हणून जे विकून राहिले ना, घ्यायच्या आधी हे वाचा

दिवाळी आली की मोबाईलवर जुन्या वस्तूंच्या जाहिराती लय फिरतात, पितळी कंदील, होकायंत्र, राणीछाप नाणी, आणि आता नवीन निघालंय ते दुसऱ्या महायुद्धातला झिपो या अमेरिकन कंपनीचा काळा लायटर. माझ्या भाच्याला त्यात २२ हजाराला बुडवलं. पोराची पहिली नोकरी, पहिली दिवाळी. म्हणून लिहून राहिलो, आणि जरा डिटेलमधी लिहितो कारण वरवर सांगितलं तर कोणाले पटत नाही.

माझं आर्वी तालुक्यात मोटर वाइंडिंगचं दुकान आहे आणि जुन्या वस्तू जमवायची आवड आहे, पेट्रोमॅक्स, व्हॉल्वचा रेडिओ असं घरात काय काय आहे. भाऊबीजेला बहीण आली तिच्यासोबत भाचा पुण्याहून आला अन् डबी हातात देऊन म्हणे, "मामाजी, तुमच्यासाठी लय शोधून आणलं. अमेरिकन सोल्जरचा हाय, एकदम ओरिजिनल."

विकणारा नागपूरकडचा, जाहिरातीतून भेटलेला. त्यानं व्हिडिओ कॉल केला, भिंतीवरचा फौजी ड्रेसमधला फोटो दाखवला, सांगितलं की हे माझे पणजोबा, कामठीच्या छावणीतून बर्मा फ्रंटवर गेले, तिथं लेडो रोडच्या कामावर एका अमेरिकन सैनिकाशी दोस्ती झाली आणि जाताना त्यानं हा लायटर देऊन टाकला. वरून आईच्या ऑपरेशनसाठी विकावा लागून राहिला म्हणे, नाहीतर आम्ही हातचा सोडला नसता.

आता नीट ऐका, यातला इतिहास सगळा खरा आहे. कामठी इंग्रजांच्या काळापासून छावणी आहेच. आसामातल्या लेडोपासून बर्मात जो रस्ता काढला तो जनरल स्टिलवेलच्या हाताखालच्या अमेरिकन फौजेनं काढला आणि जानेवारी १९४५ मधी त्या रस्त्यानं पहिला ताफा चीनकडे निघाला. झिपो कंपनीनं युद्ध चालू असताना बाजारातली विक्री बंद करून सगळा माल अमेरिकन सैन्याला दिला हेही खरंच. भाच्यानं हे सगळं इंटरनेटवर चेक केलं, बरोबर निघालं, आणि मग पैसे टाकले. पोरानं तपासलं नाही असं कोणी म्हणू नका. त्याच्यासमोर तपासायला जे ठेवलं होतं ते खरंच होतं, खोटी फक्त वस्तू होती. तुम्हाला कोणी अशी गोष्ट सांगितली तर गोष्ट बाजूला ठेवा आणि वस्तूच्या मागं लागा.

मला हातात घेतल्याबरोबर डाऊट आला कारण रोज तांबं-पितळ-लोखंडातच हात असतो. युद्धाच्या वेळेस पितळ आणि क्रोम लढाईच्या कामाला लागायचं, म्हणून झिपोनं तेव्हा केस, म्हणजे बाहेरचं कवच, पोलादाची केली आणि तिला गंज लागू नये म्हणून काळा रंग देऊन भट्टीत भाजला, त्यानं वर बारीक सुरकुत्या पडतात, त्यालाच ब्लॅक क्रॅकल म्हणतात. आमच्या लायटरचा रंग बिजागरीपाशी नखानं निघाला अन् खाली पिवळंधमक पितळ. मग आतला भाग बाहेर काढून नुसत्या रिकाम्या केसला स्पीकरचं चुंबक लावलं, बिलकुल चिकटलं नाही. पोलाद चिकटलंच पाहिजे. पण हेही लक्षात ठेवा, चिकटलं म्हणजे जुनाच आहे असं नाही, पोलादाचा नवाही करता येतो, न चिकटला तर मात्र युद्धातला नाही एवढं पक्कं. आणि चुंबक लावताना आतला भाग काढल्याशिवाय लावू नका, त्याच्यानं चिकटलं तर उगाच वाटते की खरा आहे.

मग बूड पाहिलं. एका बाजूला इंग्रजी सी अक्षर, दुसऱ्या बाजूला ०७, मधी वळणदार अक्षरात झिपो आणि त्यावर ज्योत. भाच्यानं विकणाऱ्याला हे विचारलं होतं बरं, तर तो म्हणे सी म्हणजे सी कंपनी आणि ०७ म्हणजे सातवी प्लाटून. किती बेमालूम खोटं बोलतात पहा! सी म्हणजे मार्च महिना आणि ०७ म्हणजे २००७ साल. बुडावर तारखेची खूण टाकायची पद्धतच झिपोनं १९५० च्या दशकात सुरू केली, आधी ठिपके, मग उभ्या रेघा, मग तिरप्या, १९८६ पासून महिन्याचं अक्षर आणि रोमन आकडा, आणि २००१ पासून साधे दोन आकडे. युद्धातल्याच्या बुडावर साध्या ठोकळा अक्षरात नाव आणि १९३६ च्या पेटंटचा नंबर असते, ज्योत नसते. बिजागरीच्या नळ्याही मोजा, तेव्हा तीन किंवा चार असायच्या, आजच्याला पाच असतात. आमच्यात पाच.

कंपनीचा यात काही दोष नाही. ती १९४१ च्या मॉडेलची प्रतिकृती स्वतः उघडपणे नवीन म्हणून विकते, हे लोक नव्यालाच काळं फासून, वर "बर्मा १९४३" कोरून देतात. कोरलेल्या अक्षरात पितळ चमकून राहिलं होतं, ऐंशी वर्षं खिशात फिरलेल्या वस्तूचं असं नसतं.

डबीत एक सर्टिफिकेट पण होतं, सरकारी रजिस्टर्ड अँटिक म्हणून, गोल शिक्का मारून. पुरावशेष कायदा १९७२ चा आहे आणि त्यात अशा वस्तूला किमान शंभर वर्षं झालेली लागतात. १९४३ ची वस्तू शंभर वर्षांची होतेच कशी? हा कागद दाखवला की तिथंच फोन ठेवून द्या.

भाच्याला सांगायचं जिवावर आलं होतं पण सांगितलं, नाहीतर त्या माणसाचं फावलं असतं. पोराचा चेहरा उतरला, बहीण तर रडलीच. विकणाऱ्याला फोन केला तर आधी "मी पण फसलो भाऊ" म्हणे, मग ब्लॉक. ५ हजार टोकन आणि १७ हजार नंतर, दोन्ही यूपीआयनं, दोन्ही वेगळ्या नावाच्या खात्यात. पैसे मागताना नाव बदललं की तिथंच थांबा. आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरवर तक्रार केली आणि ठाण्यातही दिली, न्याय संहितेचं कलम ३१८ म्हणजे पूर्वीचं ४२०. पण पैसे देऊन बरेच दिवस झाले होते, खात्यात काही उरलं नव्हतं. फसवणूक झाल्याचं लक्षात आलं तर त्याच तासात १९३० लावा, पैसे पुढं सरकायच्या आधी खातं थांबवता येते.

आणि ती जाहिरात परत चालू झाली आहे. नाव दुसरं, आता लायटर १९४४ च्या कोहिमाच्या लढाईतला म्हणून सांगून राहिले, भाव २८ हजार, पण फोटो आमच्याच लायटरचा आहे, झाकणावर डाव्या कोपऱ्यात आडवा ओरखडा दिसेल. कोणाला दिसली तर जाहिरातीचा आणि यूपीआय नावाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा अन् तुमच्याकडच्या ठाण्यात द्या. एकट्या भाच्याच्या तक्रारीनं तो माणूस सापडून नाही राहिला.