फेस आला म्हणजे पू आहे, असं तो म्हणाला

आमच्या मांजरीच्या, चिंगीच्या टाक्यांवर घरी बोलावलेल्या 'डॉक्टर'ने एका तपकिरी बाटलीतून थोडं पाणी ओतलं आणि पांढरा फेस फसफसून वर आला. "बघा ताई, आत पू झालाय. उगाच येतो का एवढा फेस?" मी मान डोलावली. पुढच्या चार दिवसांत ११,४५० रुपये गेले. त्याची सुरुवात त्या फेसापासून झाली, म्हणून आधी तेच सांगितलं.

आम्ही डोंबिवलीत राहतो. चिंगी गेल्या पावसाळ्यात पार्किंगमधल्या स्कूटरखाली सापडली, तेव्हा मुठीत मावत होती. सहा महिन्यांची झाली आणि रात्र-रात्र ओरडायला लागली, जमिनीला पोट घासत लोळायला लागली. समोरच्या काकू म्हणाल्या, पोटात मुरडा आलाय, ओवा द्या. मुरडा कसला, माजावर आली होती. एका गुरुवारी दवाखान्यात नेऊन नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं. डाव्या कुशीवर केस भादरलेला चौकोन, त्यात पाऊण इंचाची चीर आणि निळ्या दोऱ्याचे तीन टाके. डॉक्टरांनी घरी सोडताना सूचनांचा कागद दिला, गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर अडकवली आणि दहाव्या दिवशी टाके काढायला बोलावलं. कागद मी घडी घालून फ्रिजवरच्या टोपलीत टाकला.

ती कॉलर हाच सगळ्यात मोठा छळ होता. चिंगी भिंतीला थडकायची, कॉलर मागे राहील या आशेने उलटी उलटी चालत सोफ्याखाली जाऊन अडकायची. वाटीत तोंड घातलं की वाटीच उचलली जायची. सासूबाईंना ते बघवत नव्हतं. मलाही नव्हतं.

रविवारी सकाळी टाक्यांखाली हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली. दवाखाना बंद, डॉक्टरांचा फोन लागेना. माझी पाचावर धारण बसली. सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, तर दहा मिनिटांत कुणीतरी नंबर टाकला: 'पेट डॉक्टर, घरी येतात.' तो तासाभरात आला. चाळिशीचा, गळ्यात स्टेथोस्कोप, पाठीला सॅक. चिंगीला इतक्या सराईतपणे मानेला धरून उचललं की मला हायसं वाटलं.

आता मागे वळून बघताना एक गोष्ट लक्षात येते. त्याने मला दाखवलेलं सगळं खरं होतं. गाठ होती. फेस आला होता. थर्मामीटर लावून त्याने आकडा दाखवला, १०१.८. "एकशे दोनला टेकलाय ताप." आकडाही खरा. त्या खऱ्या गोष्टींचा अर्थ तेवढा खोटा होता, आणि अर्थ तपासायची अक्कल माझ्याकडे नव्हती.

मांजराचं नेहमीचं तापमानच साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आपल्याला १०१.८ म्हणजे अंथरूण धरायचा ताप, मांजराला ती रोजची सकाळ. गाठीचं म्हणाल, तर आतले विरघळणारे टाके शरीराला परके वाटतात, तिथे थोडी सूज येते आणि काही आठवड्यांत आपोआप बसते. गाठ घट्ट, कोरडी, न वाढणारी असेल आणि मांजर जेवतंखातं असेल तर लक्ष ठेवायचं, एवढंच. आणि फेस? ते हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. रक्तात आणि जिवंत पेशींमध्ये असलेल्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे) ते फसफसतं, पू असो वा नसो. पुढे एकदा कांदा चिरताना बोट कापलं तेव्हा मी मुद्दाम दोन थेंब टाकून पाहिले. माझ्या ताज्या, स्वच्छ जखमेवर तस्साच फेस. ओट्याशी उभी राहून मी स्वतःला बऱ्याच शिव्या दिल्या. वर हे रसायन भरत आलेल्या नाजूक पेशीही जाळतं, म्हणजे रोज ओतलं की जखम भरणं लांबतं.

तो रोज ओतायला येत होता. एका खेपेचे १,५००. रविवार, सोमवार, मंगळवार. दर वेळी सॅकमधून आधीच भरून आणलेली सिरिंज काढून एक इंजेक्शन, वर 'इम्पोर्टेड' स्प्रेचे एकदा ९५०. बाटलीवरचं लेबल अर्धवट खरवडलेलं होतं. पैसे फोनवरून पाठवायचे, पावती मागितली तर "उद्या देतो ताई". आणि पहिल्याच दिवशी त्याने कॉलर काढून टाकली. "याने मांजर खचतं. जीव गुदमरतो बिचारीचा." सासूबाई त्याच्यावर इतक्या खूश झाल्या की चहाबरोबर चकल्या आल्या.

सोमवारी मी म्हटलं होतं, आमच्या डॉक्टरांना एकदा दाखवून आणते. तो हसला. "त्यांनीच टाके चुकवलेत, ते कबूल करतील का?" त्या वाक्याने माझा एकुलता एक योग्य रस्ता बंद केला. फसवणारा आधी तुम्हाला तुमच्या माणसापासून तोडतो, हे आर्थिक घोटाळ्यांच्या बातम्यांत वाचलं होतं. टाक्यांच्या बाबतीत डोक्यात आलं नाही.

कॉलर नाही म्हटल्यावर चिंगीने चाटायचं तेवढं चाटलं. मांजराची जीभ म्हणजे किसणीच. बुधवारी सकाळी एक टाका गायब, कड उघडी, आजूबाजूला लाल चट्टा. त्याला व्हिडिओ कॉल केला. आता मी 'ताई'ची 'मॅडम' झाले होते. "मॅडम, आतले टाके तुटलेत. पोट परत उघडावं लागेल. १२,००० होतील, निम्मे आत्ता पाठवा, चारला गाडी येईल." पाठवले ६,०००. चार वाजले, साडेपाच वाजले. फोन बंद. सहा वाजता चिंगीला टोपलीत घालून मी रिक्षाने आमच्या डॉक्टरांकडे गेले. चेहरा कुठे लपवू झालं होतं.

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. आतला थर शाबूत होता, फक्त वरची कातडी उसवली होती. सलाइनने धुतलं, दोन टाके घातले. मग विचारलं, "इंजेक्शन कसलं दिलंय?" मला सांगता येईना. तिथे त्यांचा चेहरा बदलला. मांजरांना वेदनेसाठी देतात त्या औषधाचा डोस दुप्पट झाला तर मूत्रपिंडावर येतं. आधी काय गेलंय ते ठाऊक नसल्यामुळे त्यांना ते देताच येईना. माझ्या पैशांचं जाऊ दे, पण त्या रात्री चिंगी दुखणं सोसत टोपलीत गप्प बसून होती, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

बरं, सासूबाईंनी मंगळवारी अर्धी पॅरासिटामॉल द्यायचं सुचवलं होतं, ते मी ऐकलं नाही हे नशीब. मांजराचं यकृत ती पचवूच शकत नाही, अर्ध्या गोळीनेही मांजर जाऊ शकतं. डेटॉल, फिनाइलसारख्या गोष्टीही त्याच कारणाने जखमेजवळ न्यायच्या नाहीत. खरं म्हणजे टाक्यांवर काहीच लावायचं नसतं. कोरडं ठेवायचं, दहा-बारा दिवस आंघोळ नाही, उंचावरून उड्या नाहीत, मातीऐवजी ट्रेमध्ये कागदाचे तुकडे. दिवसातून दोनदा त्याच उजेडात फोटो काढायचा, म्हणजे कालच्याशी ताडून बघता येतं. पू, घाण वास, उघडलेली कड, थेंब थेंब रक्त, किंवा मांजराने दिवसभर अन्नाला तोंड न लावणं, यातलं काही दिसलं तर लगेच दवाखाना. कॉलर नकोच असेल तर त्यावर डॉक्टरांनी तोडगा दिला: नवऱ्याच्या जुन्या टी-शर्टची बाही कापली, पायांना चार भोकं पाडली, चिंगीला अंगरखा घातला. पहिला तासभर ती आडवी पडून राहिली, जणू कुणी गोळी घातलीय. मग उठून जेवली.

तो माणूस कोण होता ते डॉक्टरांनी अंदाजाने सांगितलं: कुठेतरी मदतनीस म्हणून राहिलेला, धरण्या-टोचण्यात तयार झालेला. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ सालचा आहे. नोंदणी नसलेल्याला डॉक्टर म्हणून उपचार करता येत नाहीत. राज्याच्या पशुवैद्यक परिषदेचं कार्यालय नागपूरला आहे. 'तुमचा नोंदणी क्रमांक काय?' एवढं मी दारात विचारलं असतं, तर तो कदाचित चहाही न घेता गेला असता. पण त्या दिवशी मी चहा आधी टाकला.

१९३० या सायबर हेल्पलाइनला मी गुरुवारी दुपारी फोन केला. पलीकडच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, पैसे कधी गेले? लगेच कळवलं तर रक्कम बँकेत अडवता येते. माझे सहा हजार तोवर त्या खात्यातून काढले गेले होते. तक्रारीचा क्रमांक मिळाला, पैसे नाहीत. पोलिसांत अर्ज दिलाय, परिषदेलाही पत्र पाठवलंय.

टाके निघाल्यावर एकदा फ्रिजवरची टोपली आवरली. दवाखान्याचा तो कागद हाती लागला. पुढच्या पानावर गाठीबद्दल एक ओळ होती, आणि मागच्या बाजूला शिक्क्याखाली रविवारसाठीचा दुसरा फोन नंबर.

गेल्या आठवड्यात कल्याणच्या मैत्रिणीने मला एक व्हिजिटिंग कार्ड पाठवलं. नाव वेगळं, नंबर वेगळा, फोटोत पांढरं पर्शियन मांजर हातात धरलेला माणूस मात्र तोच. तिच्या मांजरीचं ऑपरेशन आदल्याच दिवशी झालं होतं. मी फोन करून म्हटलं, आधी दवाखान्याचा कागद काढ आणि उलटा कर.