जुन्या कॉम्प्युटरला यूएसबी ३.०: स्लॉटवर चालणारं कार्ड घ्यावं की एसएमपीएसची वायर लागणारं?

माझा कॉम्प्युटर २०११ सालचा. इंटेलच्या एच६१ चिपसेटचा (म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिपचा) मदरबोर्ड, दुसऱ्या पिढीचा आय३. इंटेलने चिपसेटमध्येच यूएसबी ३.० दिलं ते २०१२च्या सेव्हन सिरीजपासून, म्हणजे माझी गाडी वर्षभराने हुकली. मशीन अजून ठणठणीत आहे. एसएसडी टाकल्यापासून तर कशालाच ना म्हणत नाही. अडत होतं ते फक्त बाहेरच्या डिस्कवर काही चढवताना.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या घरी गाण्याच्या बैठका व्हायच्या. नानांनी त्यांच्या तीनशेच्या वर कॅसेट भरून ठेवल्या आहेत आणि सध्या मी त्या डिजिटल करतोय. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची स्टिरिओ वेव्ह फाइल तासाला साधारण २ जीबी होते. सगळा ऐवज ६०० जीबीच्या घरात. यूएसबी २.०वर मला सेकंदाला ३०-३२ एमबीच्या वर कधी मिळाले नाहीत, म्हणजे एका प्रतीला पाच-साडेपाच तास. मला प्रती दोन हव्यात, एक घरात आणि एक धाकट्या भावाकडे. मे महिन्यात इकडे दुपारची वीज इतका वेळ सलग राहील, असं धरून चालता येत नाही.

नवा मदरबोर्ड म्हटलं की प्रोसेसर आणि रॅमही आलीच, म्हणून तो विचार सोडला. नुसता हब लावून वेग वाढत नाही, मागचा पोर्ट २.०च राहतो. घरात नवा लॅपटॉप असेल तर मात्र डिस्क त्याला लावा आणि दोन्ही मशीन आधी गिगाबिट लॅनच्या केबलने जोडून बघा. सेकंदाला ११० एमबीपर्यंत तिथेही मिळतात आणि कॅबिनेट उघडावं लागत नाही. माझ्याकडे लॅपटॉप नव्हता, त्यामुळे पीसीआय एक्सप्रेसचं कार्ड, म्हणजे मदरबोर्डवरच्या स्लॉटमध्ये खोचायचं, नवे यूएसबी पोर्ट देणारं.

बाजारात ही कार्डं दोन जातींची मिळतात. एक जात सगळी वीज स्लॉटमधूनच घेते. कार्ड खोचलं, पट्टीचा स्क्रू आवळला, झालं. दुसऱ्या जातीला एसएमपीएसची, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याची, साटा किंवा मोलेक्स प्लगची वायर जोडावी लागते. मी खरेदी केली तेव्हा दुसरं कार्ड जवळजवळ दुप्पट किमतीचं होतं. वेग दोघांचा सारखाच. डब्यावर ३.०, ३.१ जेन १ किंवा ३.२ जेन १ काहीही छापलेलं असो, ते ५ गिगाबिटच असतं. त्या नावांवरून जास्त पैसे मोजू नका.

मी आधी पहिल्या जातीचं घेतलं, चार पोर्टवालं. एक डिस्क लावली तेव्हा मन प्रसन्न झालं. सेकंदाला १०५-११० एमबी, साडेपाच तासांचं काम दीड तासावर. दुसऱ्या दिवशी दोन्ही डिस्क एकदम लावल्या. दुसरीची पिन आत गेली तशी पहिलीतून ‘टक्’ असा बारीक आवाज आला, तिचा दिवा विझला, पुन्हा लागला, आणि विंडोजने डिस्क निघाल्याचा व परत जोडल्याचा सूर लागोपाठ वाजवला. कॉपी अर्ध्यात तुटली. पुन्हा लावली, वीस मिनिटं नीट चालली, पुन्हा तेच.

खरा जाच त्यानंतर होता. तुटलेली फाइल नावाने पूर्ण दिसते, कधी आकारानेही पूर्ण दिसते, आणि वाजवली की आलाप मध्येच गप्प होतो. कुठली कॅसेट धड उतरली आणि कुठली नाही, हे एकेक उघडून ताडण्यात माझे तीन दिवस गेले. मूळ फिती चाळीस वर्षांच्या आहेत, काही तर एकदाच नीट वाजतील अशा. त्यांच्या प्रतीबद्दल मनात शंका राहणं मला सोसवेना. खरं सांगतो, माझा निर्णय तिथेच झाला. पुढची सगळी कारणं नंतर कळलेली.

कारण साधं आहे. यूएसबी ३.०च्या एका पोर्टने ५ व्होल्टवर ९०० मिलिअँपिअर द्यावेत असा नियम आहे, म्हणजे साडेचार वॅट. चार पोर्टचे झाले १८. छोट्या एक्स१ स्लॉटमध्ये कार्डाला साधारण १० वॅट धरलेले असतात. शिवाय त्या स्लॉटमध्ये ५ व्होल्टची लाइनच नसते, ३.३ आणि १२ असतात, त्यामुळे कार्डाला ५ व्होल्ट स्वतःच तयार करावे लागतात. पोर्टेबल डिस्क फिरायला लागताना सगळ्यात जास्त करंट ओढते. माझ्याकडे मोजायला मीटर नव्हता, पण पिन खोचताच शेजारची डिस्क पडते, एवढ्यावरून मी समजून घेतलं. दुसऱ्या कार्डाला ५ व्होल्ट थेट एसएमपीएसकडून मिळतात.

मग मी रेनेसासच्या यूपीडी७२०२०१ चिपचं, साटा वायरवालं कार्ड लावलं. दोन्ही डिस्क एकदम, रात्रभर, तीन वेळा. एकदाही पडली नाही. दुसऱ्या कुणाच्या मशीनवर अनुभव वेगळा येऊ शकतो. तुमचा एसएमपीएसच थकलेला असेल तर या कार्डाचाही उपयोग होणार नाही.

ते लावायला थोडी खटपट आहे. माझ्या एसएमपीएसची साटा वायर खालच्या स्लॉटपर्यंत पोचत नव्हती. अशा वेळी मोलेक्सवरून साटा करणारी पट्टी घेतली जाते. त्यात ज्या प्लगमध्ये वायरी साच्यात ओतून बंद केलेल्या असतात तो घेऊ नका, असे प्लग आतून जळाल्याची उदाहरणं आहेत. वायरी वेगळ्या दाबून बसवलेल्या दिसतील असाच घ्या.

बोर्ड कोअर २ ड्युओच्या काळातला असेल तर एक्स१ स्लॉट बहुधा पहिल्या पिढीचा, सेकंदाला २५० एमबीचा. फिरत्या डिस्कला तेवढंही पुरून उरतं, बाहेरची एसएसडी लावली तरच कमी पडेल. विंडोज ७ असेल तर चिपचा ड्रायव्हर टाकावा लागेल, ८पासून तो आतच असतो. इतक्या जुन्या बोर्डाचा बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) सहसा कार्डावरच्या पेनड्राइव्हवरून बूट करत नाही, तेव्हा जुने पोर्ट जपा. वायरलेस माउसचा रिसीव्हरही तिकडेच ठेवा, ३.०च्या शेजारी माउस अडखळतो. आणि पिन एका दमात आत ढकला. हळूहळू खोचली तर जोडणी कधी कधी २.०वरच अडकते. कार्ड खराब आहे असं समजून मी ते एकदा परत करायला निघालो होतो.

पहिलं कार्ड आत्याकडच्या कॉम्प्युटरमध्ये बसवलं. तिथे प्रिंटर, पेनड्राइव्ह आणि कधीमधी फोन एवढंच लागतं, आणि वर्षभरात तिची एकही तक्रार नाही. तुमचं कामही तेवढंच असेल तर जास्तीचे पैसे घालू नयेत असं मलाही वाटतं. नानांच्या बैठकांची डिस्क मात्र मी त्या कार्डावर लावत नाही. परवा आत्याला त्यातल्या दोन बैठका हव्या होत्या, त्या मी घरूनच पेनड्राइव्हवर भरून नेल्या.